फार घट्ट बसलेलं झाकण

मित्रांनो, माझ्या पुढच्या कप्प्यात एक पत्र नऊ वर्षं पडून होतं. त्याला उत्तर गेलं नव्हतं. पत्र माझं नव्हतं, उत्तर देणंही माझ्या हाती नव्हतं. तरी मला सारखं वाटे, की यात माझाच दोष आहे. मी एक जुनी गाडी आहे आणि चालता चालता बंद पडणं हा माझा गुन्हा. सगळं नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे. सांभाळून घ्या.

मला घडवलं तेच मुळी पत्रा ठोकून, जाळून, भोकं पाडून. तेव्हा माराची ओळख जन्मापासूनची. पण तो मार आकार देणारा होता.

मला विकत घेतलं एका टर्नरने. लेथवर धातू कातणारा माणूस. हात सोन्याचे, पण डोकं भडकलं की तेच हात कुणाचे नव्हेत. त्याचा धाकटा भाऊ शिंपी, हळू बोलणारा. शिवलेले कपडे पोचवायला बहुतेक तोच मला नेई. पहिली सहा वर्षं मी एकदाही अडले नाही. “बैल म्हातारा होईल, ही नाही व्हायची,” असं म्हणून मालक माझ्या टपावर थाप मारी. ती थाप मला अजून आठवते.

मग पेट्रोल भरताना कुठेतरी माझ्या टाकीचं झाकण हरवलं. मालकाने लेथवर स्वतः पितळी झाकण बनवलं. आत रबरी वॉशर बसवला आणि मोठ्या ऐटीत ते आवळलं. “पाण्याचा थेंब आत जाणार नाही, वाफ बाहेर येणार नाही. कंपनीने बघावं आणि शिकावं!” मीही मिरवले. तेव्हापासून माझं दुखणं सुरू झालं.

अर्धा-पाऊण तास धावलं की घसा आवळल्यासारखं होई. दोन आचके देऊन मी थांबे. दहा मिनिटं उभी राहिले की पुन्हा सुरू! गॅरेजात तर मी शहाण्यासारखी चाले. “डॉक्टरच्या दारात पोराचा ताप उतरतो ना, तसं हिचं,” मिस्त्री हसून म्हणाला. त्याने प्लग बदलले, कॉइल बदलली, पंप बदलला, कार्बोरेटर दोनदा धुतला. मी पुन्हा रस्त्यात थांबले, आणि मालकाने माझ्या दाराला पहिली लाथ घातली. दार आत गेलं. पुढे बॉनेट इतक्या जोरात आपटलं जाई, की बिजागरी तुटली. मला वाटे, मी मार खाते त्या अर्थी माझ्यातच खोट असणार.

एके दुपारी धाकटा मला चालवत होता. मागच्या सीटवर मालकाची मुलगी, नऊ वर्षांची चिमी. चढावर मी आचके दिले आणि थांबले. मागून येणाऱ्या ट्रकला आवरता आलं नाही. माझी मागची काच फुटून उडाली. चिमीच्या कपाळाला आठ टाके पडले.

मालक दवाखान्यातून परतला तेव्हा धाकटा अंगणात माझ्याजवळ उभा होता. मालकाने चाक खोलायचा लोखंडी दांडा, म्हणजे टॉमी, उचलला. पहिला घाव माझ्या दिव्यावर बसला, दुसरा बॉनेटवर.

“दादा, ऐक! झाकण काढलं की फुस्स आवाज येतो. दोष तिथं आहे.”

“माझ्या झाकणाला नावं ठेवतोस? चिंध्या शिवणाऱ्या, तुला काय कळतं यंत्रातलं?”

तिसरा घाव धाकट्याने हातावर झेलला. उजव्या मनगटाचं हाड मोडलं. तो आवाज मी ऐकला. पत्र्याचा नव्हता. त्या आठवड्यात धाकटा घर सोडून दूरच्या गावी गेला.

दोन महिन्यांनी पत्र आलं. मालकाने ते माझ्या सीटवर बसून वाचलं, चुरगळलं आणि कप्प्यात कोंबून कप्पा लाथेने बंद केला. त्यानंतर मला घरापासून कारखान्यापर्यंतच नेत. चुकून लांब गेलो, की मी थांबे आणि टॉमी निघे. माझ्या अंगावर सपाट जागा उरली नाही.

मग चिमी अठरा वर्षांची झाली. परीक्षेसाठी तिला दुसऱ्या शहरात पोचायचं होतं, बस चुकली होती, म्हणून मला काढलं. भर माळावर मी थांबले. मालक उतरला आणि त्याने समोरची काच एका घावात फोडली. काचेने त्याचाच तळहात चिरला.

“बाबा, पुरे! हात दाखवा इकडे.” फडकं शोधायला चिमीने कप्पा उचकटला, आणि हाताला पत्र लागलं. “हे काकाचं? आणि हे तुम्ही दाबून ठेवलंत?”

“ठेव ते.”

“नाही ठेवत.” ती मोठ्याने वाचू लागली. डाव्या हाताने काढलेली, वेडीवाकडी अक्षरं.

“दादा, चिमीची जखम भरली का? माझा हात वाकडाच बसला, कात्री धरवत नाही. आता मारायला मी समोर नाही, म्हणून सांगतो. पेट्रोल खाली जातं तशी हवा आत यायला हवी, नाहीतर टाकी पेट्रोल सोडत नाही. जुन्या झाकणाला बारीक भोक होतं. तुझं झाकण फार चांगलं आहे, तेवढंच त्याचं चुकलं. तुझ्या झाकणाला भोक पाड, तोवर चिमीला गाडीत बसवू नकोस. उत्तर पाठव.”

चिमीने झाकण फिरवलं. फुस्स! माझ्या पोटात हवा शिरली. तिने चावी फिरवली आणि मी लगेच सुरू झाले.

“योगायोग,” मालक पुटपुटला. पुन्हा झाकण आवळून तो निघाला. पाऊण तासाने मी थांबले. या वेळी झाकण त्याने स्वतः उघडलं. आवाज ऐकला. खाली वाकून पाहिलं, तर टाकीचा पत्रा आत ओढला जाऊन पोटात गेला होता. त्याने झाकण दगडावर ठेवलं आणि टॉमीने त्यावर घाव घातले. एक, दोन, पाच. काम पक्कं होतं. ते फुटलं नाही. चिमी म्हणाली, “चला बाबा. माझी परीक्षा आहे.” टाकीच्या तोंडाला फडकं बांधलं आणि मी तिला वेळेत पोचवलं.

दुसऱ्या दिवशी त्याने त्या ठोकलेल्या झाकणाला सुईएवढं भोक पाडलं. मग माझ्या स्टिअरिंगवर कागद टेकवून लिहायला बसला. तीन कागद फाडले. चौथ्यावर इतकंच राहिलं: “भोक पाडलं. तुझं खरं होतं. तुझा हात मी मोडला, गाडीने नाही. चिमीला घेऊन येऊ का? नको म्हणालास तरी चालेल.” पाकिटात त्याने भोकातून निघालेला पितळेचा कीस टाकला.

मित्रांनो, उपदेश करायचा मला अधिकार आहे का, ठाऊक नाही. पण कुणी चालता चालता थांबत असेल, तर हात उगारण्याआधी त्याचा श्वास कुठे कोंडतोय ते बघा. मोडलेला दिवा बदलता येतो. मनगटाचं तसं नसतं.

टपालपेटीपर्यंत तासाभराचा फेरा मालकाने मुद्दाम घेतला. मी एकदाही अडले नाही. इंजिन चालू ठेवूनच तो उतरला. पाकीट फटीत घातलं, पण बोटं सुटेनात.

“बाबा,” चिमी खिडकीतून म्हणाली, “सोडा आता.”

पाकीट आत पडल्याचा आवाज माझ्याच धडधडीत मला ऐकू आला नाही. त्याचा हात मात्र रिकामा परत आला.