दिवसाचे दिवे

"अगं, यातली लाल कुठली?"

आमचे हे गाडीपुढे फतकल मारून बसले होते. पुढचा बंपर काढून जुन्या चादरीवर उताणा ठेवला होता. सकाळपासून दोन फ्यूज उडाले होते आणि दोन्ही वेळा खापर वायर विकणाऱ्याच्या डोक्यावर फुटलं होतं.

"डाव्या हातात आहे ती. दिसत नाही का?" मी म्हटलं.

"हल्ली वायरींना धड रंगसुद्धा देत नाहीत."

या माणसाने उभा जन्म शिलाई मशीनचे सुटे भाग गाडीत घालून दुकानोदुकानी पोचवले. गाडी बिघडली तर स्वतःच खाली शिरणार. मेकॅनिककडे जायचं म्हणजे नाक कापल्यासारखं वाटायचं. निवृत्तीनंतर गाडी क्वचितच बाहेर निघे. पण मुलीची ड्यूटी बदलली आणि येत्या सोमवारपासून नातीला शाळेत सोडायचं काम ह्यांनी आपणहून अंगावर घेतलं. तेव्हापासून हे खूळ डोक्यात शिरलं होतं: किल्ली फिरवली की आपोआप लागणारे, दिवसाही जळणारे दोन पांढरे दिवे.

"भर उन्हात दिवे कशाला? आयुष्यभर लावलेत तेवढे पुरे नाहीत वाटतं?"

एरवी मला सव्याज उत्तर मिळालं असतं. हे हसलेसुद्धा नाहीत.

"हे आपल्याला दिसावं म्हणून नसतात. समोरच्याला आपण दिसावं म्हणून असतात. आपण दिसलो की लोक होतात बाजूला."

वायरचं टोक सोलत होते, पण नजर वायरीवर नव्हतीच. मान तिरकी करून भलतीकडेच बघत होते. ही तिरकी मान मी कित्येक दिवस बघत होते आणि आखडली असेल म्हणून रोज तेल चोळत होते. मी त्यांच्या समोर येऊन बसले.

"माझ्याकडे बघा. काय दिसतं?"

त्यांनी मान आणखी तिरकी केली. मग म्हणाले, "तुझे कान दिसतात. तोंड नाही. मध्ये सगळा डाग आहे."

"म्हणजे इतके दिवस मी तोंड वाकडं केलं ते फुकटच गेलं?"

"बोलणं येतं की ऐकू."

मला हसू आलं आणि पाठोपाठ रडू.

"म्हणजे डॉक्टरला गुपचूप दाखवून आलात. काय म्हणाले?"

"गेलं ते परत येणार नाही म्हणाले. आणि गाडी बंद."

"तरी पोरीला घेऊन निघणार होतात?"

"हळू चालवली असती. रस्ता पाठ आहे."

"रस्ता पाठ आहे, पण मध्येच धावत येणारं पोर पाठ आहे का? ते तुमचे दिवे बघून बाजूला होणार? आणि मागे बसलेली आपली नात?" मी ओरडत होते. शेजारच्या खिडकीचा पडदा हलला. म्हटलं, हलू दे.

त्यांनी हातातली पकड खाली ठेवली.

"गाडी गेली की मी काय उरतो गं?"

मुलीला कळवायला मी फोन उचलला, तर म्हणाले, "आण इकडे. मी सांगतो."

"सोमवारी मी नाही नेणार तिला," ते मुलीला म्हणाले. "मला नीट दिसत नाही. ड्यूटी बदलून मिळते का बघ, आणि गाडी तूच घेऊन जा."

माझ्यापासून जे इतके दिवस लपवलं ते लेकीला एका दमात सांगून टाकलं. याचा मला राग आला, अजूनही येतो.

फोन ठेवून पुन्हा बंपरपाशी बसले. "दिवे पुरे करू. पोर रोज गाडीत असणार." मग मी वायर हातात द्यायची आणि त्यांनी पीळ घालून टेप गुंडाळायची, असं आमचं चाललं. तिसरा फ्यूज टिकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी आली. रडली, चहा प्याली, किल्ली घेतली. आमच्या गल्लीत गाडी वळत नाही, रिव्हर्सच घ्यावी लागते. ती मागे मागे जात राहिली, दोन्ही दिवे आमच्याकडे तोंड करून लखलखत होते. कोपऱ्यावर गाडी वळली आणि गल्ली मोकळी झाली.

ह्यांचा निरोपाचा हात वरच होता.

"लांबूनही चांगले दिसतात ना गं?"

"दिसतात की," मी म्हटलं.