डोळ्यातलं अमृत, घशातली गोडी

सोफ्यांच्या दुकानावरच्या हॉलमध्ये त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. रांग हॉलमधून जिन्यावर, जिन्यावरून फुटपाथवर आणि फुटपाथवरून थेट केस कापायच्या दुकानापर्यंत गेली होती. रांगेत जाड भिंगांचे चष्मेवाले होते, मोतीबिंदूवाले होते, आणि शेजारीण जाऊन आली मग आपणच का मागे, म्हणून आलेले तर पुष्कळच होते. मधूनमधून आतून आरोळी उठायची, "आली! आली! गोडी आली!" आणि बाहेरची रांग एकमेकांच्या टाचा तुडवत पुढे सरकायची.

आत उंच खुर्चीवर थेंबबाबा बसले होते. गुबगुबीत गाल, पांढराशुभ्र सदरा आणि हातात काचेचा ड्रॉपर. समोरच्या स्टुलावर भक्त बसायचा, मान मागे टाकायचा, आणि बाबा त्याच्या दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब सोडायचे.

"तोंड मीट. ओठ घट्ट! जिभेला काही लावलं मी?"

"नाही, बाबा."

"आता थांब. शंका आणू नकोस. शंका आली की अमृत आटतं."

भक्त शंका न आणता थांबायचा. जरा वेळाने त्याच्या कपाळावर आठी पडायची, मग भुवया वर जायच्या आणि मग चेहरा असा उजळायचा की बघणाऱ्याला हेवा वाटावा.

"घशात... घशात गोड लागतंय!"

"तोंड बंद, तरी गोडी!" बाबा हॉलकडे वळून हात पसरायचे. "कुठून आली?"

"अंतर्दृष्टीतून!" हॉल एका सुरात ओरडायचा.

"डोळ्याने प्यायलेलं अमृत आहे हे! ज्याच्या डोळ्यांना प्यायला येतं, त्याला चष्मा कशाला आणि डॉक्टरच्या विषारी बाटल्या कशाला?"

या शेवटच्या वाक्याला मागच्या रांगेत बसलेल्या कवटीबाईंनी मान वर करून बाबांकडे रोखून पाहिलं. कवटीबाई वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचना शिकवायच्या. वर्गात जाताना त्यांच्या पिशवीत कायम एक कवटी असायची, म्हणून विद्यार्थ्यांनी हे नाव ठेवलं आणि ते घरापर्यंत पोचलं. आज त्या आल्या होत्या त्या मोठ्या बहिणीसाठी.

ताई म्हणजे मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. अजूनही त्या रस्त्याने निघाल्या की संसारात पडलेल्या जुन्या विद्यार्थिनी पदर नाहीतर ओढणी सारखी करून बाजूला उभ्या राहायच्या. अशा ताईंना काचबिंदू होता. डोळ्याच्या आतला दाब वाढायचा आणि तो आवरायला रोज औषधाचे थेंब घालावे लागायचे. मागच्या आठवड्यात कवटीबाई त्यांच्याकडे गेल्या, तर चहा ओतताना ताईंनी डाव्या बाजूची बशी कोपराने खाली पाडली आणि वर "ही बशी इथे कुणी ठेवली?" म्हणून धाकटीवरच डाफरल्या. कवटीबाईंनी हळूच विचारलं, "थेंब घालतेस ना गं?"

"बंद केले. मी आता थेंबबाबांकडे जाते. तू एकदा येऊन बघ, मग तोंड उघड."

म्हणून त्या ताईंबरोबर बघायला आल्या होत्या. रांग सरकत सरकत त्यांचा नंबर लागला, तेव्हा बाबांच्या शिष्येने नेहमीसारखी गोड चौकशी केली, "श्रद्धा आहे ना?"

"ते थेंबात काय आहे त्यावर अवलंबून आहे," कवटीबाई म्हणाल्या.

शिष्येने बाबांकडे पाहून नुसतं डोकं खाजवलं. बाबांनी ड्रॉपर ठेवला आणि टेबलाखालून दुसरी बाटली काढली. कवटीबाईंच्या डोळ्यांत थेंब पडले आणि थोड्या वेळात घसा असा कडू झाला की त्यांना खोकला आवरेना.

"कडू?" बाबांनी हळहळून विचारलं. "वाईट वाटून घेऊ नका, माई. आत शिकलेपणाची गाठ आहे. हे बघा, या मास्तरांच्या आतही गाठ आहे. हल्ली सेवा म्हणून जिना झाडतात. विरघळेल हळूहळू."

कोपऱ्यात झाडू घेऊन उभे असलेले उंच शिंपीमास्तर ओशाळवाणं हसले. मापात चूक काढणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानाबाहेर काढणारा हा माणूस महिनाभर मुकाट्याने जिना झाडत होता, कारण त्याच्या घशात काही केल्या गोडी उतरत नव्हती.

दोघी बहिणी ताईंच्या घरी आल्या. ताईंनी दार लावलं आणि मग सुटल्या.

"चारचौघांत लाज आणलीस! मला पहिल्याच दिवशी गोड लागलं होतं. आणि तुमच्या त्या डॉक्टरचं औषध? घातलं की घसा कडू जहर. तूच सांग, कडू ते विष की गोड ते विष?"

कवटीबाई एकदम थबकल्या. "थांब. डॉक्टरचे थेंब घातले की घसा कडू व्हायचा?"

"दर वेळी! बाबा म्हणाले, बघा, विष घशात उतरतंय. खोटं होतं का ते?"

कवटीबाईंनी उत्तर द्यायच्या ऐवजी पिशवीत हात घातला आणि कवटी काढून जेवणाच्या टेबलावर ठेवली.

"उचल ते! मी तिथे जेवते!"

"स्वच्छ आहे गं, तुझ्या मीठदाणीपेक्षा स्वच्छ. इकडे बघ. ही डोळ्याची खोबण. आपल्याला वाटतं एक खड्डा आहे. खड्डा नाही, खोली आहे ही. सात हाडं मिळून झालेली. हे छत, त्यावर मेंदू टेकलेला. ही जमीन. आणि ही मागची खिडकी. डोळ्याची नस इथून मेंदूकडे जाते. तुझ्या काचबिंदूने सुकते ती हीच."

ताई तोंड फिरवून बसल्या होत्या, पण कान इकडेच होते. तीस वर्षं शाळेत काढलेल्या माणसाला धडा चालू असताना उठून जाणं जमत नाही.

"आता हा नाकाजवळचा कोपरा. हे हाड नखाएवढं, आणि नखासारखंच पातळ. याच्यापाशी ही खाच दिसते? इथे अश्रूंची पिशवी बसते. आणि पिशवीखाली..." त्यांनी खराट्याची एक बारीक काडी मोडून घेतली आणि त्या खाचेत घातली. काडी खाली खाली गेली आणि कवटीच्या नाकाच्या भोकात तिचं टोक दिसलं.

ताईंनी मान वळवली. चष्मा वर केला. "ही नाकात कशी आली?"

"खोलीला मोरी असते तशी ही डोळ्याची मोरी आहे. डोळ्यातलं पाणी इथून नाकात जातं आणि नाकातून मागे घशात. रडताना नाक का वाहतं आपलं? ते काय दुःख होतं म्हणून? तुझे औषधाचे थेंब याच मोरीने घशात जायचे आणि ते औषध चवीला कडू आहे, बास. बाबाने थेंबात गोड काहीतरी घातलंय. चव घशात जाणारच. डोळ्यात नुसतं मीठपाणी घातलंस तर खारट लागेल."

ताईंनी काडीचं टोक बोटाने हलवून पाहिलं. मग म्हणाल्या, "हे मेलेल्या माणसाचं झालं. याला कसली अंतर्दृष्टी? जिवंतपणी अमृत वेगळ्या वाटेने जात असेल, कुणी सांगावं?"

"तू सांगू शकशील. ती पिशवी इथे आहे, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात." कवटीबाईंनी बहिणीचं बोट धरून तिच्या नाकाच्या मुळाशी टेकवलं. "थेंब पडल्यावर डोळे मिटून इथे दाबून धर. मोरीचं तोंड बंद. अमृत दुसऱ्या वाटेने येत असेल तर येईलच. नाही आलं, तर?"

"तर मी डॉक्टरचे थेंब घालीन. आणि आलं, तर तू माझ्यापुढे पुन्हा शास्त्र पाजळायचं नाहीस. कबूल?"

"कबूल," असं कवटीबाई म्हणाल्या खऱ्या, पण त्यांना रात्रभर एकच घोर होता. बोट जरा जरी सरकलं आणि घशात गोडी उतरली, तर ताईचे डोळे गेले म्हणून समजायचं.

दुसऱ्या दिवशी ताई ताठ मानेने स्टुलावर बसल्या. हॉल भरलेला होता. मुख्याध्यापिकाबाई आल्यात म्हटल्यावर बाबाही खुलले. त्यांनी मोठ्या प्रेमाने गोड बाटलीतले थेंब सोडले. ताईंनी डोळे मिटले आणि दोन्ही हातांची बोटं डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांवर टेकवली. लांबून बघणाऱ्याला ध्यान लागल्यासारखंच वाटलं. वाट बघून बघून बाबांनी विचारलं,

"आली ना गोडी?"

"नाही," ताई म्हणाल्या.

हॉलमध्ये कुजबुज झाली. ताईंनी आयुष्यात खोटं बोललेलं कुणी ऐकलं नव्हतं.

"मग... कडू?"

"कडूही नाही. काहीच नाही."

"आज वातावरण जड आहे," बाबा म्हणाले आणि टिपून घ्यायला रुमाल देऊन पुन्हा एकेक थेंब सोडला. ताईंची बोटं पुन्हा जागेवर. पुन्हा काही नाही. बाबांच्या वरच्या ओठावर घाम आला.

"बाई, रागावू नका, पण तुमच्या हातून काहीतरी मोठं पाप घडलंय. अमृताचं दारच बंद झालंय."

"असं?" ताई म्हणाल्या. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. "आता घाला बघू."

बाबा घालेनात. पण पुढच्या रांगेतून "घाला, बाबा, घाला! दार उघडेल!" असा भाबडा गलका झाला आणि त्यांचा इलाज चालेना. थेंब पडले. सगळ्यांनी माना पुढे काढल्या.

"आली," ताई म्हणाल्या. "गोड. चांगलं साखरेसारखं गोड. म्हणजे बाबा, माझं ते मोठं पाप एवढ्याशा बोटाखाली मावत होतं म्हणायचं!"

आधी कुणीतरी एकटंच फिसकन हसलं. मग ताई उभ्या राहिल्या आणि शाळेच्या पटांगणातला तो जुना आवाज बाहेर काढून म्हणाल्या, "शांत बसा सगळे! माझी धाकटी बहीण दोन मिनिटं बोलेल. नीट ऐकायचं."

कवटीबाईंनी कवटी बाहेर काढली आणि खोबणीच्या कोपऱ्यात काडी घालून नाकातून काढून दाखवली. दोघी-तिघी किंचाळल्या, पण मान उंच करून सगळ्यांनी बघितलं. मागून एक पोस्टमन ओरडला, "म्हणूनच सर्दीत माझे डोळे गळतात काय?"

"म्हणूनच! मोरी तुंबते."

"हे थोतांड आहे!" बाबा कडाडले. "मग काहींना कडू का लागतं? पापाशिवाय कडू लागेल?"

नेमकं हेच त्यांनी बोलायला नको होतं. शिंपीमास्तरांनी झाडू भिंतीला टेकवला आणि ते शांतपणे टेबलाकडे आले. खाली वाकून त्यांनी दुसरी बाटली काढली. शिष्या आडवी आली, पण मास्तरांचे हात लांब होते.

"डोळ्यात घालू नका हं," कवटीबाई घाईने म्हणाल्या. "बोटावर घ्या आणि जिभेला लावा."

मास्तरांनी टेबलावरच्या बाटलीतला थेंब चाटला. "गोड." मग हातातल्या बाटलीतला चाटला, तोंड वेडंवाकडं केलं आणि बाबांकडे बघत राहिले. "म्हणजे पाप बाटलीत होतं. आणि जिना मी झाडत होतो."

त्यानंतर हॉलमध्ये जो हशा पिकला, तो खालच्या सोफ्यांच्या दुकानापर्यंत ऐकू गेला. पुढचे दोघे बाटल्या चाटून खात्री करून घेत होते, तेवढ्यात बाबा मागच्या दाराने निघाले. पायांत एकच चप्पल होती. पण जिन्याच्या तोंडाशी पोस्टमन आणि आणखी चौघे उभे होते. पोलीस येईपर्यंत बाबांना त्यांनी त्याच स्टुलावर बसवून ठेवलं. बाटल्या तपासायला गेल्या. एकीत औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या, साखरेऐवजी चहात टाकायच्या गोड गोळ्यांचं पाणी होतं, दुसरीत कडू औषधाची पूड. दोन्ही साध्या नळाच्या पाण्यात कालवलेल्या. एकच ड्रॉपर शेकडो डोळ्यांना लावल्यामुळे किती जणांचे डोळे आले होते, ते डोळ्यांच्या डॉक्टरला माहीत होतं. ते लाल डोळे बाबा "अमृताचं तेज" म्हणून खपवत असत.

हसणं तिथे संपलं. दुपारी कवटीबाई ताईंना घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्या. डॉक्टरने दाब मोजला, नजरेची तपासणी केली आणि कागद बाजूला ठेवला.

"डाव्या बाजूची नजर थोडी गेली आहे, बाई. ती परत येणार नाही. राहिलेली मात्र आपण सांभाळू शकतो. थेंब रोज घालायचे. आणि घातल्यावर डोळे मिटून आतला कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरायचा. औषध डोळ्यात राहतं आणि घसाही कडू होत नाही."

"हे आधी का नाही सांगितलंत?" ताईंनी विचारलं.

डॉक्टर वरमला. "गर्दीत राहून गेलं."

"आणि माझंही विचारायचं राहून गेलं," ताई म्हणाल्या. "घसा कडू का होतो, एवढंच तुम्हाला विचारायचं होतं. ते मी त्या बाबाला विचारलं."

बाहेर पडल्यावर डाव्या बाजूने एक सायकल अंगावरून गेल्यासारखी गेली. ताईंना ती दिसलीच नव्हती. त्या दचकल्या आणि त्यांनी धाकटीचा हात धरला. कवटीबाई त्यांच्या डाव्या हाताला आल्या आणि दोघी सावकाश घरी गेल्या.

ही गोष्ट वाचून बाबावर हसायला हरकत नाही. पण त्याच्याकडे गेलेले लोक खुळे होते असं म्हणू नका. घशात गोडी खरोखरच लागत होती, त्यात कुणाचाही भ्रम नव्हता. फसवणूक होती ती त्या गोडीच्या कारणात. अनुभव खरा आला म्हणजे त्याचा सांगितलेला अर्थही खरा, असं होत नाही. म्हणून कुणी डोळ्यांदेखत चमत्कार दाखवला, तर भारावून जायला घाई करू नका, आणि चालू औषध तर कधीच बंद करू नका. डॉक्टरला विचारा, बाबालाही विचारा, आणि उत्तर कोण देतं आणि रागावतं कोण, ते बघा. जे खरं असतं ते आपण बोट लावून तपासलं तरी खरंच राहतं. बोट लावल्याबरोबर जे आटतं, ते अमृत नव्हे.