वरचा सूर आणि एक स्क्रू

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. तारबाबांनी गिटार मांडीवर घेतली, पायाजवळचा लोखंडी डबा दाबला आणि बोटं दांड्यावरून गिटारच्या पोटाकडे सरकवली. जाड, खरखरीत सुरावर दुसराच एक बारीक सूर उमटला, कुणी बाई लांबून गात असल्यासारखा. लोक डोळे पुसू लागले.

"गेलेलं माणूस सुरातून येतं," बाबा म्हणाले. "त्याला प्रश्न विचारा. सूर उमटला तर हो, नाही उमटला तर नाही. विज्ञानाला विचारू नका, ते अजून बाळ आहे."

बाळ म्हणे! त्याच बाळाच्या विजेवर यांचा डबा चालत होता.

चौथ्या रांगेत अँप्लिफायर दुरुस्त करणारा एक मेकॅनिक बायकोशेजारी मान खाली घालून बसला होता. त्यांची गाणारी मुलगी आजारपणात गेली होती. पहिल्या सभेत हा सूर ऐकून बायकोने त्याचा हात घट्ट धरला होता. आपलीच आहे हो ती, म्हणाली होती.

त्याला तर सगळं ठाऊक होतं. गिटारचा आवाज बदलणारा हा डबा दुरुस्तीसाठी त्याच्याच टेबलावर येऊन गेला होता. तेव्हा हे महाराज नुसते गिटारवाले होते. वरचा सूर दबतो, नुसती खरखर ऐकू येते, अशी त्यांची तक्रार. याने आतले दोन डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारे बारीक भाग, काढून तंतोतंत जुळणारी जोडी बसवली आणि तोल साधायला एक बारीक स्क्रू दिला.

मग गप्प का बसला? सांगायलाही लाज वाटते, पण तो सूर त्यालाही हवा होता. डोळे मिटले की पोर गातेय असं वाटायचं. दुसऱ्या सभेत बायकोने विचारलं, रक्तदाबाच्या गोळ्या बंद करू का? सूर उमटला, गोळ्या बंद झाल्या. तरी याच्या तोंडाला कुलूप. चार दिवसांनी काय बिघडतंय, अशी मनाची समजूत घालत राहिला. आज मात्र सभागृहाच्या पायऱ्यांवर तिला भोवळ आली. ती भिंत धरून बसली, तेव्हा याच्या पायाखालची जमीन सरकली.

ती पुन्हा प्रश्न विचारायला उठली, तसा तो सरळ मंचावर गेला. डब्याच्या बाजूच्या भोकात त्याने स्क्रूड्रायव्हर घातला, थोडा फिरवला आणि बाबांच्या गिटारची तार पोटाकडे दाबून स्वतःच छेडली. नुसती खरखर. स्क्रू परत फिरवला. बारीक सूर आला. बाबा दाराकडे बघू लागले.

"यात एका सुराचे दोन होतात," तो म्हणाला, "एक सरळ, एक उलटा. दोन डायोड दोघांचा अर्धा अर्धा भाग उचलून जोडतात. आवाजाच्या एका लाटेच्या जागी दोन उंचवटे येतात, म्हणून तोच सूर वरच्या सप्तकात ऐकू येतो. दोन्ही बाजू सारख्या हव्यात आणि बोट पोटाकडे हवं. 'नाही' म्हणायचं असलं की हे बाबा बोट पोटापासून लांब नेतात. बस, एवढंच."

बायको मंचाजवळ आली होती.

"तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"हो."

"आणि मला गोळ्या सोडू दिल्यात."

त्याला तिच्याकडे बघवेना. तो लोकांकडे वळला. "यांनी फसवलं, आणि मी कळत असून फसवू दिलं. माझी चूक मोठी. जे कळत नाही ते विचारा, तपासून बघा. आणि कळलं की बोला. घरचं माणूस रडत असलं तरी बोला."

त्याने खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं. इतके दिवस ते तो बरोबरच घेऊन फिरत होता. तिने त्याच्या तोंडाकडे न बघता ते घेतलं आणि शेजारच्या बाईकडे पाणी मागितलं.