शेवंतीची विभूती

"विभूती लावताना घरातल्या कुणाला सोडायचं न्हाई, महानंदा. गोठ्यातल्यालाबी न्हाई, चुलीपाशी बसल्यालाबी न्हाई."

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, असं म्हणाल्या तेव्हा मी नवी नवरी होते. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. चाकूरच्या आमच्या घरात मी अजून रोज सकाळी गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा करते. ती होईपर्यंत पाणी पीत नाही, बोलत नाही. मग विभूती, आधी यांच्या कपाळाला आणि शेवटी शेवंतीच्या. शेवंती आमची मांजर, वय वर्षं दहा. मी आसनावरून उठले की पायाशी येऊन उताणी पडते.

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी तिच्या पोटावरून हात फिरवताना एका थानाजवळ बोट अडलं. ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ होती. दाबली तरी ती ओरडली नाही. मी गाठीवरही विभूती लावली. अशी अकरा दिवस लावली, आणि तिनं रोज चाटून टाकली. अकराव्या दिवशी गाठ हरभऱ्याएवढी झाली होती. मला माझीच लाज वाटली. देवानं माझं बोट बरोबर जागेवर नेलं होतं, आणि मी तिथं नुसती राख लावत बसले होते.

"उद्या लातूरला नेते हिला," मी यांना म्हणाले.

"मांजरीला? लातूरला?" हे हसले. "इथं मानसं गोळीवर भागवून राहिलीत."

"आत्याबाई काय म्हणाल्या होत्या?"

यांनी झाकणाची टोपली आणून ठेवली. "सुतळीनं बांध. गाडीत उडी मारंल."

लातूरच्या डॉक्टर जयाताई तरुण होत्या. गाठ चाचपून त्यांनी विचारलं, "कधीपासून आहे?"

"श्रावणातला दुसरा सोमवार. तेव्हा ज्वारीएवढी होती. पुढच्या सोमवारी तुरीएवढी. काल हरभऱ्याएवढी."

त्या लिहिता लिहिता थांबल्या. "मावशी, लोक लिंबाएवढी होऊन फुटल्यावर आणतात. तुम्हाला दाणा सापडला?"

"रोज हात फिरतो ना, ताई."

मग त्यांनी स्पष्टच सांगितलं. मांजरीच्या थानातली गाठ बहुतेक वेळा कॅन्सरची निघते. त्या बाजूची सगळी थानं काढायची आणि गाठ तपासायला पाठवायची. ऑपरेशनच्या दिवशी तिला उपाशी आणायचं होतं.

त्या दिवशी आम्ही दोघी उपाशीच निघालो. पहिली गाडी गाठायची म्हणून मी पूजा बसस्टँडच्या बाकड्यावर केली. टोपली मांडीजवळ होती. शेवंती आतून एकदाही ओरडली नाही. एवढं शहाणं लेकरू मी बघितलं नाही.

ऑपरेशन झाल्यावर टाके चाटू नयेत म्हणून तिला अंगात घालायला काहीतरी लागणार होतं. मी खणाचं आंगडं शिवलं, चार पाय बाहेर काढून. शेजारच्या चांगुणाबाई दारातच थबकल्या.

"अगं बया! मांजरीला चोळी?"

"काठाची आहे," मी म्हटलं.

"माझ्या सुनंला शिवली न्हाईस कधी!" असं म्हणत त्या बसल्या आणि टाके निघेपर्यंत रोज दूध घेऊन आल्या.

टाके काढायला हेही आले. तपासणीचा कागद आला होता. कॅन्सरच होता, पण काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ होत्या, छातीचा एक्स-रेही स्वच्छ होता. "परत येणारच नाही असं मी म्हणणार नाही," जयाताई म्हणाल्या. "दर तीन महिन्यांनी दाखवा. आणि मावशी, तुमचा हात चालू ठेवा."

तेवढ्यात हे माझ्याकडं बोट करून म्हणाले, "फुडल्या खेपंला म्या आणतो. हिला बाकड्यावर पूजा नको."

मार्गशीर्षात पुढच्या तपासणीची तारीख आली. मी डोळे मिटून पूजेत होते, मौनात. टोपली उघडल्याचा आवाज आला. डोळे उघडले तर हे अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून उकिडवे बसले होते. त्यांनी विभूतीत तीन बोटं बुडवली, शेवंतीच्या कपाळावर टेकवली, आणि मग सावकाश तिच्या पोटावरून हात फिरवला. दोन्ही बाजूंनी.

मग तिला टोपलीत ठेवून सुतळी बांधली आणि दाराचा आवाज न करता ते बसस्टँडकडे निघाले.