कुंकवात अडकलेला तानकाटा

हळू ओढ रे बाबा, हळू! मी तानकाटा आहे, ट्रॅक्टरची साखळी नाही. आता खिळ्यावरून काढून हातात घेतलंच आहेस, तर घटकाभर बस आणि ऐक. लटकून लटकून माझा जीव अगदी मेटाकुटीला आलाय.

माझ्या पोटात एक स्प्रिंग आहे, खाली हूक आहे आणि अंगावर शून्यापासून एक किलोपर्यंतच्या खुणा आहेत. हुकाला काही अडकवलं की पृथ्वी ते खाली ओढते, स्प्रिंग ताणली जाते आणि काटा सरकतो. दुप्पट ओढलं की दुप्पट ताण. सगळं आयुष्य या एवढ्याशा कामात गेलं. तेही सुरुवातीला कुणी करू दिलं नाही.

जन्म माझा अंबाल्याच्या एका कारखान्यातला. नव्वद साली लाकडी पेटीतून लासुर्ण्याजवळच्या या शाळेत आलो. सोबत भिंगं होती, लोहचुंबक होतं, परीक्षानळ्या होत्या. पोरांनी पेटीभोवती ही गर्दी केली! मला वाटलं, आता रोज काम. कसलं काय! मुख्याध्यापक हिंदुराव सरांनी आम्हाला एकेक करून कपाटात मांडलं, कुलूप घातलं आणि किल्ली कमरेच्या करदोट्याला बांधली.

माणूस वाईट नव्हता हो. भित्रा होता. "मोडलं तर पुन्हा कोण देनार हाय?" असं म्हणायचे आणि पोरांना फळ्यावर माझं चित्र काढून दाखवायचे. त्या चित्रात मी दुधी भोपळ्यासारखा दिसायचो.

कपाट वर्षातून एकदाच उघडायचं, खंडेनवमीला. सर धुतलेली टोपी घालून यायचे. घरी जशी कोयत्याची, नांगराची पूजा करायचे, तशीच आमची करायचे. हळद, तेलाचं बोट आणि ओलं कुंकू. माझ्या पोटावर मधोमध जी फट आहे ना, काटा सरकायची, बरोबर तिथं ते कुंकवाचं बोट टेकायचं. नारळ फुटायचा, पोरं खोबरं खायची, पुन्हा कुलूप. अरे, कोयता पुजला की दुसऱ्या दिवशी उसाच्या फडात नेतात. आम्हाला पुजून परत अंधारात ठेवायचे. बसून बसून माणूस थकतो म्हणतात, तसं माझं झालं. काही न करता मी म्हातारा व्हायला लागलो.

चौऱ्याण्णव साली इंदिरा बाई विज्ञान शिकवायला आल्या. बारामतीहून रोज एसटीनं यायच्या. पहिल्याच आठवड्यात त्या सरांपुढे उभ्या राहिल्या.

"सर, आठवीला उत्प्लावक बल शिकवायचंय. किल्ली द्या."

"चित्र काढा की बाई. पोरं लई दांडगी हायेत."

"चित्रातला दगड पाण्यात हलका होतो का, सर?"

सरांच्या कमरेची किल्ली खुळखुळली. मग म्हणाले, "एक डाव देतो. माज्यासमोर करा. पोरास्नी कळलं आन काय मोडलं न्हाय, तर किल्ली तुमची. न्हायतर पुन्हा मागायची न्हाय."

कपाटात बसून मी हे सगळं ऐकत होतो. बाईंना किल्ली मिळाली तर मी सुटणार होतो, नाहीतर मरेपर्यंत कुंकू! देवा, आज लाज राख, असं मी मनातल्या मनात म्हणत राहिलो.

व्हरांड्यात पाण्याची बादली ठेवली. बाईंनी काळा दगड सुतळीनं बांधून माझ्या हुकाला अडकवला. काटा जागचा हलेना, मग एकदम गचका खाऊन चारशे ग्रॅमवर उतरला. पोरांनी आकडा वाचला. "आता दगड पाण्यात सोडूया," बाई म्हणाल्या, "बघा, आकडा कमी होईल."

दगड बुडाला. स्प्रिंग आखडायला लागली, काटा वर सरकू पाहायला लागला आणि अडला. चार खंडेनवम्यांचं कुंकू, तेलात माखून वाळलेलं, फटीत खड्यासारखं बसलं होतं. मी आतून सगळा जोर लावला. काटा तसूभर हलला नाही.

"चारशेच हायेत, बाई!" शंभूराज ओरडला. वर्गातला सगळ्यात आगाऊ पोरगा तो. "पुस्तकच चुकलंय!"

सगळे खो खो हसले. बाईंचा चेहरा पडला. सर उठले आणि कपाट बंद करायला निघाले. मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू! गप्प राहून मी खोटी साक्ष देत होतो आणि मला ओरडताही येत नव्हतं.

तेवढ्यात मागून म्हाळसा उठली. तिच्या घरी पूर्वी मेंढरं होती, ती विकून आता ऊस लावला होता. वर्गात कधी तोंड न उघडणारी पोर ती.

"सर, काटा खोटं सांगतोय."

"तुला कशावरनं कळलं गं?"

"मी रोज आडातनं पानी वढते की. पोहरा पान्यात हाय तवर हलका लागतोय. पान्याभाईर आला की हात तुटायची पाळी येती."

पाणी तर सगळ्यांनीच ओढलं होतं. बाईंनी मला बाजूला ठेवलं आणि सुतळी पोरांच्याच हातात दिली. "दगड आत सोडा. आता वर काढा. काय वाटतं?" एकेक पोर यायचं, सोडायचं, काढायचं आणि म्हणायचं, "व्हय की!" शंभूराजनं तर दोन-दोनदा करून पाहिलं.

"दगड तेवढाच आहे," बाई म्हणाल्या. "पृथ्वीची ओढही तेवढीच. पण पाणी त्याला खालून वर ढकलतंय. म्हणून हाताला कमी ओढ लागते."

"मग काट्याला कमी का लागली न्हाय?" सरांनी विचारलं. त्यांनी चष्मा लावला आणि मला डोळ्यांजवळ धरलं. बराच वेळ पाहिलं. मग पुटपुटले, "आयला, हे तर माजंच कुंकू!"

त्यांनी खराट्याची काडी मोडून घेतली आणि माझी फट स्वतः साफ केली. किती हलक्या हातानं केली! लाल भुगा त्यांच्या धोतरावर पडत होता. दगड पुन्हा हवेत टांगला, चारशे. पाण्यात सोडला आणि काटा सरसर वर चढला, अडीचशेच्या जरा पुढं थांबला. पोरांनी अशी आरोळी ठोकली की शेजारच्या शेतातले बगळे उडाले. करदोट्याची गाठ काही सुटेना, तेव्हा सरांनी ती ब्लेडनं कापली आणि किल्ली बाईंच्या हातात दिली.

मग काय विचारता! पुढची वर्षं मला दम खायला फुरसत नव्हती. पोरांनी चपला तोलल्या, वह्या तोलल्या, कणसं तोलली. विटेचा तुकडा फरशीवरून ओढला, मग वाळूवरून ओढला आणि वाळूवर घर्षण जास्त लागतं हे माझ्या आकड्यावरून पाहिलं. मी रोज दमायचो आणि तक्रार करायचो, पण खरं सांगू? ते दिवस माझे सुखाचे होते.

एके दिवशी शंभूराजनं उसाची अख्खी मोळी मला लटकवली. पोटातली स्प्रिंग नको तेवढी ताणली गेली. मोळी काढली, पण काटा शून्यावर आलाच नाही. पन्नासवर थांबला. पोरं घाबरली, सर धावत आले.

"मोडला का?"

"मोडला नाही, सर. थकला," बाई म्हणाल्या. "स्प्रिंगलाही मर्यादा असते. तिच्यापलीकडं ओढली की ती पहिल्या जागी येत नाही."

सर किल्ली परत मागतील असं सगळ्यांना वाटलं. तेवढ्यात म्हाळसा म्हणाली, "मग काय झालं? आदी म्हाताऱ्याचे पन्नास वजा करू, ऱ्हायलं ते खरं." सर हसले आणि निघून गेले.

आता नव्व्याण्णव साल आहे. सर निवृत्त झाले, इंदिरा बाईंची बदली झाली, म्हाळसा शिकायला इंदापूरला गेली. मला बाद ठरवून खिडकीच्या खिळ्याला टांगलं. माझ्या जागी नवा तानकाटा आलाय. त्याचा काटा अगदी शून्यावर आहे. पण नवे मुख्याध्यापक त्याला हात लावू देत नाहीत. परवाच्या खंडेनवमीला त्याच्या पोटावर मधोमध ओलं कुंकू लागलेलं मी इथून पाहिलं. मी बाद, म्हणून तुम्ही पोरं मला हाताळू शकता. तो चांगला, म्हणून तो कोंडलेला. त्याची मला फार दया येते रे.

मी आता फार दिवस टिकणार नाही. म्हणून एक काम कर. उद्या मुख्याध्यापकांसमोर उभा राहा आणि किल्ली माग. ओरडतील, ओरडू देत. आणि जाताना खराट्याची एक काडी सोबत घेऊन जा.

बरं, काय लटकवलंयस ते? पेरू? वाच आकडा. दोनशे दहा? नाही रे राजा, घाई करू नकोस. आधी म्हाताऱ्याचे पन्नास वजा कर.