दाब खराच कमी होता

त्र्याहत्तर सालचा उन्हाळा. हसनाबादच्या अलीकडं एका खेड्यात बोअरची गाडी आली ती थेट बौद्धवस्तीत. गावच्या आडाला बुडाशी थोडं गढूळ पाणी राहिलं होतं, आणि वस्तीतल्या बायकांना त्या आडाला हात लावू देत नव्हते. कडेला घागरी मांडून बसायचं. कुणाला दया आली तर तो वरून पाणी ओतायचा. वस्तीतलेच तातेराव गुरुजी वर्षभर भोकरदनच्या कचेरीत खेटे घालत होते, तेव्हा कुठं ही गाडी मिळाली होती.

गाडीवरचा ऑपरेटर कडूबा, बदनापूरकडचा. तोही असल्याच वस्तीत वाढलेला. पहिल्या दिवशी काम झकास चाललं. दुसऱ्या दिवशी ऊन तापलं आणि कॉम्प्रेसरचं इंजिन एकाएकी बंद पडलं. इंजिनात तेलाचा दाब कमी झाला की बुडाजवळचा एक स्विच ते आपोआप बंद करायचा; दाब दाखवणाऱ्या मीटरची तारही त्याच स्विचातून यायची. कडूबानं पुन्हा चालू केलं, पुन्हा बंद. मीटरचा काटा शून्यावर.

जालन्याच्या वर्कशॉपमधून भुजंग मेकॅनिक आला. जुन्या जालन्यात राहणारा, मूळचा शेतकरी घरातला, कमी बोलणारा माणूस. त्यानं आधी तेल पाहिलं. बराबर भरलेलं. बोटावर घेऊन वास घेतला. डिझेल मिसळलेलं नव्हतं. मग स्विचची तार सोडून इंजिनच्या अंगाला टेकवली. काटा सरकन शेवटाला गेला.

"मीटर चांगलं, तारबी चांगली," तो म्हणाला. "राह्यला हा स्विच. न्हाईतर दाब खरंच कमी."

"स्विचच असंल," कडूबा म्हणाला. "इंजिनाचा आवाज ऐका की. कुठं खडखड हाय?"

भुजंगनं स्विच काढला. आत काजळी बसली होती. पेटीतला दुसरा स्विच लावला. इंजिन चालू झालं, काटा वर चढला आणि तिथंच थांबला. वस्तीतली माणसं ओरडली. दुपारी भोकातून वर येणारी दगडाची भुकटी ओलसर दिसायला लागली. वस्तीतल्या कौसल्यानं ती मुठीत घेऊन दाबली. तिचा गोळा झाला. तिनं तो सासूला नेऊन दाखवला, सासूनं शेजारणीला.

तेवढ्यात इंजिन पुन्हा बंद पडलं.

आता भुजंगनं स्विच काढून ठेवला आणि त्याच्या जागी तांब्याची बारीक नळी बसवून दुसरं मीटर जोडलं. या मीटरला ना वीज लागे, ना तार. तेल स्वतः नळीतून येऊन काटा ढकलायचं. इंजिन चालवलं. थोडा वेळ काटा ठीक राहिला. इंजिन तापत गेलं तसा तो हळूहळू उतरला आणि तळाला टेकला. भुजंगनं स्वतःच्या हातानं इंजिन बंद केलं आणि ते मीटर काढून स्विच परत जाग्यावर बसवला.

"स्विच खोटं बोलत नव्हता," तो म्हणाला. "बेअरिंगा झिजल्यात. तापून तेल पातळ झालं की तिथून निसटून जातंय. असंच चालवलं तर इंजिन जाम होईल."

"अहो, वल लागलीय," गुरुजी म्हणाले. "हातभर राहिलं असंल. तेवढं तरी..."

"चालवता न्हाई येणार, गुरुजी. मी जालन्याला जाऊन बेअरिंगा घेऊन येतो. इथंच बसवतो. तोवर हात लावायचा न्हाई."

कौसल्या पुढं आली. "तुमच्या आळीत लागली असती वल, तर गाडी बंद केली असती का, दादा?"

भुजंगनं केली असती, हे खरं होतं; पण त्या घागरींच्या रांगेसमोर ते कसं सांगायचं? त्यानं कडूबाला बाजूला घेतलं. "पाइप वर ओढून ठेव. आणि कुणी काही म्हणू दे, चालू करू नको."

"न्हाई करत," कडूबा म्हणाला.

वर्कशॉपमध्ये बेअरिंगा नव्हत्या. भुजंग दुकानं फिरला, ओळखीच्या मेकॅनिकांकडं गेला, शेवटी एका मोडीत काढलेल्या इंजिनातल्या त्यातल्या त्यात बऱ्या बेअरिंगा उतरवून घेतल्या. परत यायला चौथा दिवस उजाडला. पिशवी खांद्याला मारून तो एस.टी.तून उतरला आणि वस्तीकडं निघाला, तर समोरून गुरुजी येत होते. त्यांच्या चेहऱ्यावरूनच त्याला कळलं.

आदल्या दिवशी गावच्या आडावर कुणी पाणी ओतलंच नव्हतं. पोरं रडत होती. दुपारी कौसल्या घागर तशीच कोरडी घेऊन परत आली आणि कडूबासमोर ठेवून बसली. कडूबा उठला, स्विचची इंजिन बंद करणारी तार तोडून टाकली आणि पाइप पुन्हा भोकात सोडले. गुरुजींनीही त्याला अडवलं नाही. इंजिन चाललं. भुकटीचा चिखल व्हायला लागला. मग इंजिनातून एक कर्कश आवाज आला आणि सगळं जागच्या जागी आवळलं. भुकटी वर उडवणारं कॉम्प्रेसरचं वारं बंद झालं तशी ती खाली बसली आणि पाइपांच्या टोकाचा, दगड फोडणारा हातोडा तळाशी रुतला.

भुजंगनं इंजिनाचं चाक फिरवून पाहिलं. ते हललं नाही. पाइप ओढून पाहिले. तेही नाही. कडूबा बाजेवर तोंड फिरवून बसला होता.

"मला दिसत होतं, काटा पडून राह्यला म्हणून," तो म्हणाला. "म्हणलं, हातभर चाललं तर बस झालं."

भुजंगला त्याच्यावर चिडायचं होतं. ते जमलं नाही. "मी लवकर यायला पायजे होतं," एवढंच तो म्हणाला.

"ते तरी कुठं तुमच्या हातात होतं?" कडूबा म्हणाला.

पाइप जमिनीलगत कापले आणि बोअरची गाडी दुसऱ्या ट्रकला बांधून नेली. कडूबाला कामावरून काढलं. वस्तीतले लोक त्याला काही बोलले नाहीत. बोलले ते भुजंगला. चार दिवस लावले म्हणून. गुरुजी पुन्हा भोकरदनला गेले, तेव्हा साहेबानं सांगितलं, एका वस्तीला एकच बोअर. तुमचा मारून झाला.

पुढच्या आठवड्यात कौसल्याच्या घरच्यांनी भांडी बांधली आणि सगळे जालन्याकडं चालत निघाले. त्यांच्यामागं आणखी काही घरं गेली. गुरुजींच्या शाळेत वस्तीतली तीनच पोरं उरली, आणि त्यांनाही दुपारी पाण्याला जावं लागायचं.