गुऱ्हाळात भाजलेला ओटा

राहू गावच्या मारुतरावानं ओट्याला संगमरवर बसवला आणि शेजारच्या सर्जेरावाचं जेवण अळणी झालं. फरशी अशी गुळगुळीत, की माशीसुद्धा पाय रोवून बसायची. तेही सर्जेरावानं सोसलं असतं. पण त्याच्या शहाबादी ओट्यावर बापाच्या काळापासून भरणारी संध्याकाळची तंबाखूची बैठक उठून पलीकडं गेली. आता आपल्या ओट्यावर तो एकटा, आणि कानावर पलीकडचं खिदळणं.

कॉलेजात शिकणारी नात तेजश्री म्हणाली, "आबा, कशाला जळताय? आपली शहाबादी म्हंजी चुनखडकच. जमिनीखाली वितळलेला खडक असतो, मॅग्मा. त्याच्या धगीनं शेजारचा चुनखडक भाजतो, त्याचे कण नव्यानं जुळत्यात, आन् संगमरवर व्हतो. फक्त..."

'फक्त'च्या पुढचं ऐकायला सर्जेराव थांबतोय कशाला? घरचं गुऱ्हाळ असताना मॅग्म्याचं काय कौतुक?

त्यानं पहारीनं अख्खा ओटा उचकटला आणि फरश्या गुळाच्या काहिलीखालच्या चुलवणात लोटल्या. गुळव्या बन्सीनं विचारलं, "आबा, मग गूळ कवा करायचा?"

"गूळ काय, मारुतराव बी करतो. तू चिपाडं घाल."

धग अशी पेटली, की बांधापलीकडचा ऊस उभ्या उभ्या काकवी गाळायला लागला. लोक सांगतात, आणि लोक कशाला खोटं बोलतील?

चुलवण निवल्यावर फरश्या निघाल्या त्या पांढऱ्याफेक. सर्जेरावाला आभाळ ठेंगणं झालं. राख धुवायला त्यानं वरून घागर ओतली मात्र, फरश्या फुसफुसल्या, फुगल्या, तडकल्या आणि वाफेच्या लोटात त्यांचा लगदा झाला.

"मी तेच सांगत व्हते," तेजश्री म्हणाली. "वर डोंगराचं वझं लागतं. तवा दगडातला वायू आतच कोंडून ऱ्हातो. तुमच्या चुलवणातनं त्यो उडून गेला. आता ह्यो चुना."

चुना गार झाला तशी बातमी फिरली आणि सगळी बैठक डब्या घेऊन सर्जेरावाच्या दारात आली. पुढं मारुतराव. चिमूट मळून गालात धरत म्हणाला, "सर्जेराव, असला कडक चुना तालुक्यात न्हाई."

सर्जेराव हरखला. "बसा की मग."

सगळ्यांनी खाली पाहिलं. ओट्याच्या जागी उकरलेला मुरूम. डब्या भरून घेत मंडळी पलीकडं निघाली.

"तुमी बी या," मारुतरावानं हाक मारली. "हितं एकटं काय करताय?"

सर्जेराव गेला. पहिल्यांदाच त्या संगमरवरावर टेकला. दगड इतका गार, इतका सुखाचा लागला, की त्याच्या अंगाची नव्यानं लाही झाली.